आवाज बसला

४ मार्च

ठोक्या,

तुला आशीर्वाद द्यावेत इतका मी म्हातारा झालेलो नाही आणि नमस्कार करावा इतका तू मोठा नाहीस, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. घशातली गाठ काढली. साधी निघाली, घाबरायचं काही नाही. पण सहा आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नाही आणि जूनच्या मध्यापर्यंत गायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, कुजबुजणं बोलण्याहून वाईट.

ऑपरेशनसाठी ताईकडे येऊन राहिलो आहे आणि फोन तिनं कपाटात कुलूपबंद केला आहे. परवा तो वाजला आणि सवयीनं मी ‘हॅलो’ म्हणून गेलो. त्या एका हॅलोवरून तिनं घर डोक्यावर घेतलं. तो फोन तुझाच होता, गाढवा. म्हणून आता हे पत्र. भाऊजी मात्र खूश आहेत. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी मोकळेपणानं बोलतात, कारण मला उलट बोलता येत नाही.

बाजारातून निरोप आला. अडत्यानं लिलाव पुकारायला दुसरा माणूस ठेवला. पंधरा वर्षं मी त्याच्या कांद्या-टोमॅटोचे ढीग पुकारले, त्याला तीन महिने धीर धरवला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय! आता आपला ‘घण’ बँड सोडून माझं म्हणावं असं काही उरलेलं नाही, हे तुला सांगून ठेवतो.

तर कामाचं. तीस मेचा कार्यक्रम हातचा घालवू नका. अकरा वर्षांत आपल्याला एवढा मोठा हॉल मिळालेला नाही. त्या एका दिवसापुरती माझी बदली शोधा. चष्मेवाल्याला म्हणावं, दुकानाच्या काचेवर जाहिरात लाव, गिटार वाजवण्याव्यतिरिक्त तेवढं तरी कर. मास्तरला बास गिटार सोडून बोलायला लावू नकोस, तो येणाऱ्यांना गणितं घालील. परीक्षा तू घे, आणि माझ्या पद्धतीनं घे. आधी कोणालाही गायला सांगू नकोस. हेवी मेटल म्हटलं की लोक घसा खरवडून ओरडतात. आधी एका दमात आकडे मोजायला सांग, साध्या आवाजात. मग तेच आकडे गुरगुरत. ज्याच्या मानेच्या शिरा फुगतील त्याला चहा पाजून घरी पाठव.

ते दोघं मित्र आहेत. तू माझ्या मावशीचा मुलगा आहेस. तुझ्यावर सगळं टाकून मी निवांत झोपतो.

दादा

·

१८ मार्च

दादा,

तू बोलत नाहीस ही कल्पनाच करवत नाही. गॅरेजमध्ये सगळे म्हणतात, इतकी शांतता आहे की पत्रा ठोकल्याचा आवाज मोठा वाटतो.

रविवारी परीक्षा झाली. चेपलेल्या गाड्या ढकलून अंगणात काढल्या, आत ड्रम मांडले. नऊ जण आले. पहिला विमा एजंट. आवाज बरा, पण दोन कडव्यांच्या मध्ये त्यानं मास्तरला पॉलिसी समजावली. दुसरा न्हावी. त्यानं तोंडाला काळा रंग फासला होता, तो घामानं डोळ्यात गेला आणि आम्ही त्याला नळाखाली धरला. एक कॉलेजचा पोरगा पहिल्याच किंकाळीला चक्कर येऊन बसला. बाकीच्यांच्या मानेच्या शिरा तू म्हणालास तशा दोरखंडासारख्या. चहाची किटली तीनदा भरली.

शेवटी एक बाई आली. तीसेक वर्षांची, निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. बस स्टँडवर गाड्या पुकारते. चष्मेवाला माझ्या कानात म्हणाला, हिला गाडीचं दार सरळ करायचं असेल. ती म्हणाली, “जाहिरात वाचली. मोजायचं कुठून?” आणि मोजायला लागली. लोक वीसला थांबले होते. ती एक्केचाळीसला थांबली, तेसुद्धा मास्तरनं मोजण्यात चूक केली म्हणून. मग तेच गुरगुरत. दादा, मान हलली नाही. भिंतीवर टांगलेले पाने मात्र वाजले.

तर बदली मिळाली. ताईला नमस्कार.

ठोक्या

·

२४ मार्च

ठोक्या,

एक्केचाळीस? मास्तरचं गणित तपासून घे. माझे छत्तीस होतात, ते पण आजारी पडण्याआधी.

नाही, मी चिडलेलो नाही. पाटीवर लिहून ताईला वाचायला दिलं, ती हसली आणि म्हणाली, तू चिडला आहेस. बायकांना सगळं कळतं असं त्यांना वाटतं.

सोबत माझी वही पाठवतो आहे. ती आजवर मी तुलाही दाखवलेली नाही. सगळी गाणी आहेत, आणि जिथे जिथे मासा काढला आहे तिथे श्वास घ्यायचा. ‘भट्टी’च्या तिसऱ्या कडव्यात दोन मासे जवळजवळ आहेत, त्यातला दुसरा खरा. गुरगुर पोटातून कशी उचलायची, जीभ कुठे ठेवायची, ओरडून झाल्यावर घसा कसा निववायचा, सगळं मागच्या पानांवर आहे. हे शिकायला मला अकरा वर्षं लागली आणि त्यापायी गळा कापून घ्यावा लागला. तिला दोन महिन्यांत जमवायचं आहे, म्हणून देतो. कार्यक्रम झाला की वही परत घे.

आणि ती एका कार्यक्रमापुरती आहे, हे तिला स्पष्ट सांगितलंस ना? नंतर कोणाचं मन दुखायला नको.

दादा

·

११ एप्रिल

दादा,

पत्राला उशीर झाला, माफ कर. गॅरेजमध्ये कामाचा ढीग आहे.

वहीचा फार उपयोग झाला. ती रोज सहाला ड्यूटी संपवून येते. काल आम्ही ‘भट्टी’ तीनदा घेतली. पहिल्या दोन वेळा ती मध्येच थांबली. तिसऱ्यांदा आवाज बसला. मास्तरनं बास खाली ठेवला. चष्मेवाला खुर्चीत जाऊन बसला. मग मीच म्हटलं, आता हे दादाला कळवायला हवं.

म्हणून कळवतो आहे. तू काय म्हणतोस ते लिही.

ठोक्या

·

१७ एप्रिल

ठोक्या,

तिचा आवाज बसला हे वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू! तुला वाटेल, काय दुष्ट माणूस आहे. आहे. महिनाभर मी इथे खिडकीशी बसून तिचे एक्केचाळीस आकडे मोजतो आहे. रात्री ताईनं दूध आणून दिलं तर मी पाटीवर लिहिलं, ‘देवाला डोळे आहेत.’ तिनं विचारलं काय झालं, मी पाटी पुसून टाकली.

आता माणुसकीचं बोलतो. तिला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नकोस. मीठ-पाण्याच्या गुळण्या दिवसातून तीनदा, आणि गाड्या सोडून दुसरं काही पुकारू नको. हट्टानं गायलीस तर माझ्यासारखी गाठ होईल. तिला नीट निरोप द्या. चष्मेवाल्यानं तिला एक बरा चष्मा करून द्यावा.

आणि कार्यक्रम महिनाभर पुढे ढकला. हॉलवाल्याचे पाय धरायला लागले तरी धरा. सहा आठवडे संपले. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मला बोलायला लावलं. रोज पंधरा मिनिटं बोलायची परवानगी आहे. माझा पहिला शब्द काय होता माहीत आहे? ताईला वाटलं मी तिचं नाव घेईन. मी म्हणालो, “जून.”

मी येतो आहे. तुम्ही मला सोडून पुढे गेला नाहीत, हे मला फार आहे. अडत्याला हे कळायला हवं होतं.

दादा

·

६ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

तू लिहिल्याप्रमाणे तिला गुळण्या सांगितल्या. कार्यक्रमाचं म्हणशील तर तो पुढे ढकलल्यासारखाच आहे. तू घाई करू नकोस. घसा म्हणजे गाडीचा पत्रा नव्हे, चेपला की ठोकून सरळ करायला.

एक काम आहे. हॉलवाल्याला तुझ्या हातचं काहीतरी लेखी हवं आहे. तब्येतीमुळे तुला जमत नाही, एवढंच. दोन ओळी लिही, बाकी मी बघतो.

ठोक्या

·

१० मे

ठोक्या,

चिठ्ठी सोबत आहे. हॉलवाल्याला काय हवं ते मला कळलं नाही, म्हणून मोघम लिहिली आहे. ‘तब्येतीमुळे मला गाणं शक्य नाही. घणबद्दल जे ठरवायचं ते माझ्या भावानं ठरवावं. माझी कशालाही हरकत नाही.’ खाली सही केली आहे, वळणदार, त्याला बरं वाटेल.

‘ढकलल्यासारखाच’ म्हणजे नक्की कुठल्या तारखेला ते कळव. मी आता अर्धा तास बोलतो. भाऊजींचं पुन्हा बंद झालं आहे.

दादा

·

२२ मे

आदरणीय सर,

आपली भेट झालेली नाही, पण फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही बहिणीकडे गेलात ती सकाळची गाडी मीच पुकारली असणार. तुमच्या जागी गाणारी ती मी. पत्ता ठोक्यादादांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. त्यांना न विचारता लिहिते आहे, कारण आभार दुसऱ्याच्या तोंडून मानू नयेत असं आई म्हणते.

सर, तुमची वही मी पाठ केली आहे. मासे पाहून आधी हसू आलं, आता स्टँडवर बोलतानाही ते दिसतात. एप्रिलमध्ये ज्या दिवशी ‘भट्टी’त माझा आवाज नीट बसला, अगदी बिजागरीत दार बसावं तसा, त्या दिवशी तिघंही वाजवायचे थांबले. मला वाटलं, नापास. मग मास्तर म्हणाले, “हे गाणं इतक्या वर्षांत असं कधी लागलं नव्हतं.” ठोक्यादादा म्हणाले, “दादाला विचारल्याशिवाय काही ठरणार नाही.”

तुमचं उत्तर आलं ते त्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. ‘तिचा आवाज बसला हे वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू!’ सर, मला रडू आलं. ज्याची जागा आपण घ्यायची त्याच्याकडून इतकं मोकळं मन मिळत नाही. पुढे घसा जपायला गुळण्या लिहिल्यात, त्या मी रोज करते. नंतर तुमची सहीची चिठ्ठी आली तेव्हा चष्मेवाले काकासुद्धा तयार झाले. त्यांचा आधी विरोध होता.

तुमचा घसा आता पुन्हा गाण्यासारखा होणार नाही, हे ठोक्यादादांनी सांगितलं. फार वाईट वाटलं. पोस्टरवर माझा फोटो आहे, तो बघून मला अजून लाज वाटते. तीस तारखेला तुम्ही यावंत. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते.

आपली,
स्टँडवरची

·

२५ मे

ठोक्या,

फोन कपाटातून काढला होता. मग वाटलं, तुझा आवाज ऐकायची इच्छा नाही. हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतो आहे.

आवाज बसला म्हणजे कुठला बसला? एका ओळीत उत्तर दे.

डॉक्टरीणबाईंनी माझा गळा भूल देऊन चाकूनं कापला. तू तो केसानं कापलास.

·

२७ मे

दादा,

एका ओळीत जमणार नाही.

मी लिहिलं तेव्हा गाण्यात बसला असंच लिहिलं होतं. लबाडी नव्हती. आपण ‘गाणं बसलं’ म्हणतोच की. तू त्याचा घसा बसला असा अर्थ घेशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. पेन हातात घेतलं होतं. ‘दादा, तसा नाही बसला’, एवढंच लिहायचं होतं. गॅरेजमध्ये ते तिघं वाट बघत उभे होते, दादा काय म्हणाला म्हणून. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि कागद घडी करून खिशात घातला. तिथून पुढे मग सगळं खोटंच होत गेलं. घशाचंही मीच रचलं. चिठ्ठीही हॉलवाल्यासाठी नव्हती.

तुझी जागा कायमची तिला द्यायची का, यावर मतं पडली होती. चष्मेवाला तुझ्या बाजूनं, मास्तर तिच्या. तिसरं माझं होतं. मास्तरला दोष देऊ नकोस, मी दिलं नसतं तर झालं नसतं.

ती तुझ्यापेक्षा चांगली गाते. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. मी मागे ड्रमवर बसतो, दादा. मागून जे ऐकू येतं ते पुढे उभ्या राहणाऱ्याला कळत नाही.

हवं तेवढं रागाव. ताईला सांग, मावशीच्या फोटोसमोर उभं राहून मला शिव्या घाल. पण शनिवारी येऊ नकोस. तू समोर दिसलास तर माझे हात चालायचे नाहीत.

ठोक्या

·

१४ जून

ठोक्या,

मी आलो होतो. तुझे हात चालले, तेव्हा तू मला बघितलं नाहीस असं धरून चालतो.

पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर बसलो नाही. मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून उभा होतो. भाऊजींचा कोट, भाऊजींची टोपी. तिकीट फाडणाऱ्यानं मला ओळखलं नाही, जरा लागलं. घरून निघताना ताईला म्हणालो होतो, मधल्या सुट्टीत स्टेजवर चढतो आणि माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगतो की हे पत्र वाचून दाखवणारे कसे वाचतात. खरंच सांगणार होतो. खिशात तिचं पत्र होतं, तुझं होतं.

ती चांगली गाते. तुला वाटेल, हा जळून काहीतरी खोड काढेल. खोड काढायला मी कान टवकारूनच उभा होतो. ती निळा कोट घालूनच आली, लोक आधी हसले. मग तिनं तोंड उघडलं आणि माझ्या शेजारचा माणूस हातातलं सरबत प्यायचं विसरला. पोरीचा काही दोष नाही. तिला मी काहीही लिहिणार नाही. तिनं मनापासून आभार मानले आहेत, ते तसेच राहू देत. वहीही तिच्याकडेच राहू दे.

मग तुम्ही ‘भट्टी’ सुरू केलीत, आणि मला वाटलं तू चुकलास. फार जलद घेतलंस. वाटलं, नवीन हॉल, नवीन पोरगी, गडी घाबरला. मी मास्तरकडे बघितलं. तो दचकला नाही. चष्मेवालाही नाही. तिघंही आरामात वाजवत होतात.

तिच्याबरोबर मीही गात होतो, नुसते ओठ हलवून. सवय, दुसरं काय. पहिलं कडवं जमलं. दुसऱ्यात मासा आला आणि मला श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही. तिसऱ्यात मी मागे पडलो. ओठ हलवायला दम लागत नाही रे, ठोक्या. तरी मी मागे पडलो.

खांबाला धरून उभा राहिलो आणि मग आठवायला लागलं. अकरा वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये आपण ‘भट्टी’ बसवली ती याच लयीत. म्हणजे तू तीस मेला जलद वाजवत नव्हतास. आधी हळू वाजवत होतास. कधीपासून? गेली दोन वर्षं प्रत्येक कडव्याआधी मास्तर तुझ्याकडे बघायचा आणि तू मान हलवायचास. मला वाटायचं रंगात आलास. ती मान माझ्यासाठी होती. दादाला धाप लागतेय, जरा हळू धरा. तिघांनी मिळून ठरवलं असणार, कदाचित माझ्या पाठीमागे चहा पिता पिता. आणि मी रियाजाहून घरी जाऊन ताईला फोन करायचो, आज काय तोडलंय म्हणून सांगू तुला!

मधल्या सुट्टीत मी स्टेजवर गेलो नाही. काय सांगणार होतो? माझ्या बाजूला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तू मला काढलंस याचा राग आहे, तो कधीतरी जाईल. पत्रं अर्धी वाचून दाखवलीस त्याचाही जाईल. मावशीचा मुलगा आहेस, कुठवर धरणार? पण दोन वर्षांत एकदा, फक्त एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, दादा, तुझा दम कमी पडतोय. मी दोन दिवस बोललो नसतो तुझ्याशी. मग डॉक्टरकडे गेलो असतो, पहाटे धावलो असतो, काहीही केलं असतं. तू माझ्यावर दया केलीस आणि मला त्या दयेचा पत्ता लागू दिला नाहीस. इतका मोठा दगा तुला जमेल असं मला वाटलं नव्हतं.

काल डॉक्टरीणबाईंनी गायची परवानगी दिली. म्हणाल्या, गळा अगदी स्वच्छ आहे, काहीही गा. घरी आलो तर ताई आणि भाऊजी दोघंही खुर्च्या मांडून बसले होते. ताई म्हणाली, “गा ना. तुझं ते ‘भट्टी’ गा.” भाऊजींनी कानात कापूस घालायचं नाटक केलं. मी उभा राहिलो, पायानं ठेका धरला आणि थांबलो.

कुठल्या लयीत गायचं ते मला माहीत नव्हतं.

दादा